गिटारचा फ्रेटबोर्ड : साफ कसा करावा, तेल कोणतं, किती आणि कधी?

तेरणाकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी. मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची अकूस्टिक गिटार माझ्याकडे आली. आवाज छान आहे, पण गेले काही उन्हाळे ती कपाटावर उघडीच पडून होती. आता हातात घेतली की फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची (दांडीवरची) तारा दाबायची लाकडी पट्टी, चिकट लागतो. पहिल्या चार-पाच फ्रेटांत (पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कड्यांत) काळं किटण बसलंय, फ्रेटच्या कडेकडेने हिरवट काहीतरी आहे आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे लाकूड पांढुरकं, कोरडं पडलंय. नेकवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला लागतात. मामी म्हणते, "सुकली सुकली म्हणत तो घरातलंच तेल चोळायचा." त्यांच्याकडे करडईचं तेल असतं.

कुणी लेमन ऑइल लावा म्हणतं, कुणी जवसाचं, कुणी म्हणतं काहीच लावू नका. नेमकं काय करायचं? तेल लावलं की फ्रेटची टोकं पुन्हा आत जातात का? नेकच्या मागच्या बाजूलाही लावायचं का? आमच्याकडे गिटारचं खास सामान मिळत नाही, त्यामुळे हार्डवेअर किंवा मेडिकलच्या दुकानात मिळेल असं काही सांगितलंत तर बरं होईल.

रंधा-पटाशी (जालना)

ताई, तेलाचं नाव नंतर. आधी लाकूड कोणतं आहे आणि त्यावर फिनिश (पॉलिश-वार्निशचा थर) आहे का ते बघा. माझं काम लाकडाचंच आहे. हार्मोनियमबरोबर गिटारीही दुरुस्तीला येतात. तेल न लावल्यामुळे बिघडलेली गिटार क्वचित बघायला मिळते. जास्त तेल लावून चिकट केलेल्या मात्र सारख्या येतात.

फ्रेटबोर्ड तपकिरी असेल आणि त्यात बारीक उभी छिद्रं, रेषा दिसत असतील तर शिसव किंवा त्याच्या जागी वापरलेलं दुसरं एखादं लाकूड. काळाकुट्ट, गुळगुळीत, हाताला गार लागणारा असेल तर आबनूस. फिकट पिवळसर आणि काचेसारखा चमकणारा असेल तर मेपल. शिसवाच्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हापासून कंपन्यांनी बेताच्या किमतीच्या गिटारींवर पाउ फेरो, अक्रोड, इंडियन लॉरेल अशी लाकडं बसवायला सुरुवात केली. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ही लाकडं बाजारात राहिलीच. निगा राखायची पद्धत सगळ्यांची शिसवासारखीच.

आता परीक्षा. अगदी शेवटच्या फ्रेटजवळ, जिथे कुणी वाजवत नाही, तिथे ओलं बोट टेकवा. लाकूड लगेच गडद झालं तर ते उघडं आहे. पाण्याचा थेंब तसाच गोल उभा राहिला तर वर फिनिशचा थर आहे. तेल फक्त उघड्या लाकडाला. नेकच्या मागच्या बाजूलाही हेच करून बघा, तिथे बहुतेक फिनिशच सापडेल. फिनिशवर लावलेलं तेल आत शिरतच नाही. वरच राहतं, धूळ धरतं आणि अंगठा घसरायच्या ऐवजी चिकटायला लागतो. मागच्या बाजूला ओलसर पिळून घेतलेलं फडकं आणि त्यामागे कोरडं फडकं, एवढंच.

बिंदुसरा (बीड)

भाऊंनी मेपलचं सांगितलं ते बरं केलं. मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक वाजवतो, लग्नं, जयंत्या, सगळीकडं. माझा बोर्ड मेपलचा आहे. त्याला मी फक्त फडकं मारतो, तेल कधीच नाही. मेपलवर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनसारखा फिनिशचा थर असतो, तेलाला जायला जागाच नसते.

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराच्या गिटारला बघा, फिनिश झिजून बोटांखाली मेपल करडं पडायलंय. लोक त्याला सांगतात तेल लाव. तेल लावून काही होत नाही, तिथं परत फिनिश मारून घ्यावं लागतं.

एक विचारायचंय. क्रिकेटच्या बॅटला आपण जवसाचं तेल लावतोच की. ते चालतं तर गिटारला कामून नाही चालणार? लाकूडच आहे ना दोन्ही?

रसायनवाली (परभणी)

बिंदुसरा, प्रश्न अगदी योग्य आहे. बॅट विलोची असते आणि तिथे लावलेलं जवसाचं तेल वाळून घट्ट होतं. बॅटला ते चालतं. फ्रेटबोर्डवर प्रत्येक फ्रेटच्या कडेला कोपरा आहे, तिथे तेल साचतं आणि तिथेच वाळतं.

सगळी तेलं सारखी नसतात. काही तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा चिवट थर होतो. नव्या बिडाच्या तव्याला तेल लावून तापवल्यावर जो काळा थर बसतो, तीच ही क्रिया. तव्यावर उष्णतेने ती पटकन होते, लाकडावर महिनोन्महिने चालते. तेल किती वाळणारं आहे हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. मूल्य १३० च्या वर गेलं की ते वाळणारं तेल धरतात. जवसाचं मूल्य १७० च्या वर असतं. आपल्याकडच्या नेहमीच्या करडईचं १४० च्या आसपास. शेंगदाण्याचं ९० ते १०० च्या घरात, खोबरेलाचं जेमतेम ८-१०.

म्हणजे तेरणाकाठ, तुझ्या गिटारवरचा चिकटपणा करडईचाच असणार. करडई हे आमच्या भागाचं हक्काचं पीक, इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' नावाचं वाणही दिलंय. खायला उत्तम तेल. पण अर्धवट वाळलेल्या अवस्थेत ते डिंकासारखं होतं आणि बोटांचा मळ त्यात अडकत जातो. शेंगदाणा तेल एवढं वाळत नाही, पण खवट होतं. खोबरेल वाळत नाही, मात्र आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते थिजतं, शिवाय जुनं झालं की त्यालाही वास येतो. थोडक्यात, फोडणीत जाणारं कुठलंही तेल फ्रेटबोर्डवर नको.

जवसाबद्दल एक सावधगिरी. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर वाळताना त्यात उष्णता साठते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. सुतारकाम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. असे बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावेत.

रंधा-पटाशी (जालना)

मॅडमचं अगदी बरोबर. जवस अजिबातच वर्ज्य आहे असं मी म्हणणार नाही. काही कारागीर नव्या, घासून उघड्या केलेल्या बोर्डला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देतात आणि लगेच पुसून काढतात. पण ते कारागिराने एकदा करायचं काम आहे. घरी दरवर्षी लावत गेलात तर थरावर थर चढतो.

घरच्यासाठी मिनरल ऑइल चांगलं. वाळत नाही, खवट होत नाही, वास नाही. बाजारात 'लेमन ऑइल' म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांतल्या बहुतेकांमध्ये मुख्य माल मिनरल ऑइलच असतो, लिंबाचा अर्क थोडासा. आणि कृपा करून लिंबू पिळून चोळू नका. रसात आम्ल असतं, ते लाकडालाही नको आणि फ्रेटलाही नको.

तेरणाकाठ (धाराशिव)

खूप आभार सगळ्यांचे. ओल्या बोटाची परीक्षा केली. पुढून लाकूड लगेच गडद झालं. मागे थेंब तसाच राहिला. बोर्ड तपकिरी आहे, छिद्रं दिसतात. आता साफ कशाने करू? काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणाले थिनरने एका झटक्यात निघेल.

हजूर साहिब रोड (नांदेड)

थांबा! थिनर नको. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'थिनर' मागितलं की बहुधा एन.सी. थिनर हातात पडतं. त्याने नेकच्या कडेचं प्लास्टिक बाइंडिंग आणि बोर्डवरच्या ठिपक्यांचं प्लास्टिक विरघळतं. थेंब बॉडीवर पडला तर फिनिशला फोड येतात. मी नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार वाजवतो. अशा गिटारींवर कधी कधी लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं आणि त्याला तर साधं स्पिरिटही चालत नाही, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते. काच पुसायचे निळे स्प्रे, व्हिनेगर, सॅनिटायझर, सगळं दूर ठेवा.

रंधा-पटाशी (जालना)

नांदेडकरांनी वेळेवर सांगितलं. आता पूर्ण रीत लिहितो, सावकाश वाचा.

दिवसाउजेडी, खिडक्या उघडून करायचं. जवळ गॅस, उदबत्ती, देवघरातली समई काही नको, कारण पुढे जे वापरायचंय ते पेट घेणारं आहे.

तारा हळूहळू ढिल्या करा, एकीला पूर्ण सोडून दुसरीला हात लावण्यापेक्षा सगळ्या थोड्याथोड्या. मग काढून टाका. सगळ्या तारा एकदम काढल्या तर नेक वाकतो असं सांगतात. साध्या, ब्रिज (बॉडीवरचा तारा अडकवायचा तुकडा) चिकटवलेल्या गिटारला काही तासांत काही होत नाही. ब्रिज नुसता टेकवलेला असेल किंवा इलेक्ट्रिकला तरंगता ब्रिज असेल तर मात्र एकेक तार बदला, नाहीतर ब्रिजची जागा हलते. साउंडहोलवर (बॉडीच्या मधल्या गोल भोकावर) जाड कागद लावून मास्किंग टेपने बंद करा.

पहिला हात कोरडा. जुन्या बनियनचं फडकं आणि मऊ टूथब्रश. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या आणि त्याची कड फ्रेटच्या मुळाशी टेकवून, फ्रेटला समांतर ओढत जा. मेणासारखी काळी वळी निघेल. ती मृत त्वचा, घाम, धूळ आणि तुमच्या बाबतीत वाळलेली करडई. पंधरा मिनिटं या कामाला द्या. घाई करून ब्लेड लावू नका, लाकडावर एकदा ओरखडा आला की तो आयुष्यभर बोटाला लागतो.

त्यानंतर फडक्यावर लायटर फ्लुइड. ते म्हणजे नॅप्था. लवकर उडून जातं, फिनिशला धक्का लावत नाही आणि तेलकटपणा उचलतं. बाटली बोर्डवर ओतायची नाही, फडकं ओलसर करायचं आणि दोन-दोन फ्रेट पुसत जायचं. फडक्याची बाजू सारखी बदला, नाहीतर तोच मळ पुढे सरकत राहतो. नॅप्था नाही मिळालं तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालेल. ते सावकाश उडतं, म्हणून मग तासभर थांबा. पंपावरचं पेट्रोल नको. आता त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं, शिवाय इतरही बरंच काही.

वाळून घट्ट झालेलं तेल एका पुसण्यात जाणार नाही. पुसायचं, कार्ड ओढायचं, परत पुसायचं. तरीही राहिलं तर चार शून्य नंबरचं स्टील वूल घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे नटकडून (नेकच्या वरच्या टोकाकडून) साउंडहोलकडे, हलका हात फिरवा. आडवा हात नाही. स्वयंपाकघरातली तारेची घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे, ती बोर्ड फाडून टाकेल. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी स्टील वूल वापरायच्या आधी पिकअपवर (तारांखाली बसवलेल्या, आवाज पकडणाऱ्या भागावर) टेप मारलीच पाहिजे. लोखंडाची बारीक पूड पिकअपच्या चुंबकाला चिकटली की काढता काढता नाकी नऊ येतात.

हिरवट आहे ते तांब्याचं. फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी अजिबात नाही. घामाने तांबं हिरवं पडतं. फ्रेटच्या दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लावा, फक्त धातू उघडा ठेवा आणि मग तेच स्टील वूल फ्रेटवर घासा. चमक येईपर्यंतच.

पाणी वापरायचं झालं तर अगदी घट्ट पिळलेलं फडकं. आणि बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअर क्षारयुक्त आहे, वाळल्यावर लाकडाच्या छिद्रांत पांढरे डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळतं, ते घ्या.

शेवटी तेल. अख्ख्या बोर्डला सहा-सात थेंब पुरे, तेही फडक्यावर घेऊन. लाकूड गडद होईल, कोरड्या जागी जास्त ओढून घेईल. दहा मिनिटं थांबा. मग स्वच्छ फडक्याने सगळं पुसून काढा, फडक्याला ओल लागेनाशी होईपर्यंत. ब्रिजही बहुतेक उघड्या शिसवाचाच असतो, उरलेल्या फडक्याचा एक हात त्यालाही द्या. अर्धा तास जाऊ द्या आणि तारा चढवा.

बिंदुसरा (बीड)

भाऊ, हे सगळं छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. हे वर्षातून किती वेळा करायचं?

रंधा-पटाशी (जालना)

पूर्ण काम वर्षातून एकदा, रोज वाजवणाऱ्याने दोनदा. त्याहून जास्त नको. दिवस सांगायचे तर एक होळीनंतर, ऊन तापायच्या आधी, आणि दुसरा दसऱ्याच्या सुमारास, पावसाची ओल उतरल्यावर. आबनूसला आणखी कमी. ते लाकूड एवढं घट्ट की तेल फार पितच नाही.

खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते. हळद-कुंकू गिटारच्या केसला (पेटीला) लावा किंवा हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) फिनिश आहे तिथे टेकवा आणि संध्याकाळी पुसून घ्या. उघड्या बोर्डच्या छिद्रांत कुंकू गेलं की निघत नाही. फिकट लाकडावर हळदीचा डागही तसाच बसतो.

रसायनवाली (परभणी)

तेरणाकाठचा एक प्रश्न राहिलाय, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तेल लावल्यावर फ्रेटची टोकं आत जातात का? नाही जात.

लाकूड फुगतं किंवा आकसतं ते पाण्यामुळे. लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज असतं, हवेतल्या बाष्पाचे रेणू त्याला धरून बसतात. हवा कोरडी झाली की ते निघून जातात आणि भिंती आकसतात. मिनरल ऑइल सेल्युलोजला असं धरत नाही. ते फक्त छिद्रांत आणि पृष्ठभागावर राहतं. त्याने लाकूड दिसायला ताजं दिसतं, हात गुळगुळीत फिरतो, घाम आणि पाण्याचे शिंतोडे लगेच आत मुरत नाहीत. एवढाच त्याचा उपयोग. गेलेलं पाणी तेलाने भरून निघत नाही.

आता फ्रेटचं. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, रुंदीच्या दिशेने आकसतं. फ्रेट धातूचा, त्याची लांबी आहे तेवढीच राहते. बोर्डची रुंदी केसभर कमी झाली की दोन्ही बाजूंनी फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. बोटाला लागतात ती हीच. म्हणजे तुझी गिटार सांगतेय की तिच्या आजूबाजूची हवा फार कोरडी आहे.

गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती २० च्या आसपास किंवा त्याखाली जाते आणि श्रावणात ८० च्या वर चढते. एवढा फरक दरवर्षी सोसायचा तर तेलाची बाटली उपयोगाची नाही, हवेकडेच बघावं लागतं. आर्द्रतामापक काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो केसमध्ये ठेव. उन्हाळ्यात गिटार केसमध्येच ठेवायची आणि सोबत प्लास्टिकच्या सोप बॉक्सला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंज. पाणी टपकता कामा नये. दोन-तीन दिवसांनी आकडा बघायचा, ५५ च्या वर गेला की बॉक्स काढायचा. पावसाळ्यात उलट, सिलिका जेलच्या पुड्या.

बिंदुसरा (बीड)

मॅडम, हे कुणी सांगतच नाही. सगळे आपलं तेल लाव, तेल लाव. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पोरं गिटारी टांगून ठेवतात आणि वरून कूलर समोर. दुपारी भाजायचं, रात्री ओल्या वाऱ्यात ठेवायचं. नेक आज सरळ, उद्या वाकडा. मग ट्रस रॉड (नेक सरळ करायची आतली सळई) फिरवत बसतात.

रसायनवाली (परभणी)

कूलरच्या थेट झोतात अजिबात ठेवू नये. खोलीत कूलर चालू असेल तर आतल्या भिंतीकडे, केसमध्ये. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतही नको. बंद गाडीत ताप एवढा चढतो की ब्रिज धरून ठेवणारा सरस ढिला पडू शकतो.

तेरणाकाठ (धाराशिव)

काल दुपारी बसले. कार्डाने निघालेला मळ बघून आई म्हणाली, हे त्या बोर्डवर मावलं कसं! चिकटपणा पूर्ण गेला, फ्रेट चमकायला लागले. तेल अजून लावलेलं नाही, कारण दोन शंका आल्या.

नॅप्थाच्या फडक्यावर काळपट तपकिरी रंग येत राहिला. मळ संपल्यावरही येतोय. लाकूडच विरघळतंय का? आणि पंधराव्या-सोळाव्या फ्रेटच्या मध्ये, जिथे पांढुरकं होतं तिथे, केसासारखी बारीक उभी रेघ दिसते. नखाला जेमतेम लागते. चीर आहे का?

रंधा-पटाशी (जालना)

लाकूड विरघळत नाही, रंग निघतोय. बेताच्या किमतीच्या गिटारींत फिकट लाकडाला गडद रंग देऊन शिसवासारखं दाखवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आता पुसणं थांबवा, नाहीतर मध्ये फिकट पट्टा पडेल. शिसवातूनही थोडा रंग उतरतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून लाकूड नकली ठरवू नका. तेलाने उरलेला रंग एकसारखा दिसेल.

रेघेचं असं. नखाला जेमतेम लागते आणि फ्रेट ओलांडून पुढे गेलेली नाही, म्हणजे कोरड्या हवेने पडलेली वरवरची चीर. तिच्यात आत्ता तेल भरू नका. तेल शिरलं तर पुढे भरायची वेळ आली की गोंद धरणार नाही. बोर्डच्या बाकी भागाला तेल लावा, तेवढी दोन बोटं जागा सोडा. गिटार केसमध्ये ओल्या स्पंजबरोबर तीन-चार आठवडे ठेवा. बहुतेक वेळा रेघ आपोआप मिटते. नाही मिटली आणि लांब व्हायला लागली तर जाणत्या कारागिराकडून भरून घ्या.

फ्रेटच्या टोकांचंही तेच. आत्ता कानस लावू नका. आर्द्रता जागेवर आणा, महिनाभराने हात फिरवून बघा. तेव्हाही टोचली तर घासायची. ऐन उन्हाळ्यात घासलेली टोकं पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर आत जातात आणि मग कडेची तार फ्रेटवरून खाली घसरते.

हजूर साहिब रोड (नांदेड)

रोजच्या सवयीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाजवण्याआधी हात धुणं आणि वाजवून झाल्यावर ताराखालून कोरडं फडकं एकदा ओढणं, याने वर्षाचं काम अर्ध्यावर येतं. बोटांवर भजी-चिवड्याचं तेल असेल तर तेही शेवटी बोर्डवरच जातं. माझ्या शिकवणीत हात धुतल्याशिवाय गिटार हातात द्यायची नाही हा नियम आहे, लहान मुलं तो मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

बिंदुसरा (बीड)

खरंय. भर उन्हाळ्यात मिरवणुकीत वाजवताना कोपरापासून घाम ओघळून बोर्डवर येतो. मी पट्ट्याला छोटा नॅपकिन बांधून ठेवतो, दोन गाण्यांच्या मध्ये तारा आणि बोर्ड पुसून घेतो. तारांचं आयुष्यही त्यामुळं वाढलंय.

नाथसागर (पैठण)

धागा वाचला, फार उपयोगी. आमच्याकडे कीर्तनाची वीणा आहे, पिढीजात. दांडी मळकट झाली आहे. तिला हीच रीत चालेल का? तेल लावू का?

रंधा-पटाशी (जालना)

माउली, वीणेला ही रीत नको. तिच्यावर बहुतेक लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. तेल आत जाणार नाही, स्पिरिट लावलं तर पॉलिश उतरेल, आणि जुन्या वीणेच्या नक्षीला काय लावलेलं आहे ते बाहेरून कळत नाही. मऊ कोरडं फडकं, फार तर तोंडाची वाफ देऊन पुसणं, इथवरच थांबा. त्यापुढचं काम वीणा-तंबोरे करणाऱ्या कारागिराला दाखवूनच करा. पिढीजात वाद्य आहे, त्यावर प्रयोग नको.

नाथसागर (पैठण)

बरं झालं विचारलं. कोरडं फडकंच वापरतो. राम कृष्ण हरी.

तेरणाकाठ (धाराशिव)

शेवटचा प्रश्न. मिनरल ऑइल मेडिकलमध्ये मिळेल का? मी विचारलं तर त्यांनी बद्धकोष्ठतेच्या औषधाची पांढरी बाटली पुढे केली.

रसायनवाली (परभणी)

ती परत कर. त्या पांढऱ्या औषधात पॅराफिनबरोबर मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि पाणी घुसळलेलं असतं, लाकडावर पांढरी पूड राहील. 'लिक्विड पॅराफिन आयपी' असं स्पष्ट नाव सांगून माग. पाण्यासारखं पारदर्शक, रंग नाही, वास नाही, लेबलवर दुसरा कुठलाही घटक नाही. शंभर मिलिलिटरची बाटली पुष्कळ झाली. ते नाही मिळालं तर बेबी ऑइल चालेल, तेही मुळात मिनरल ऑइलच असतं, फक्त सुगंध घातलेला. लेबलवर बदाम, ऑलिव्ह असं काही लिहिलेलं असेल तर ते नको. शिलाई मशीनचं तेल मी टाळते, त्यात गंजरोधक वगैरे काय काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

तेरणाकाठ (धाराशिव)

मिळालं, बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये. सात थेंब घेतले, रेघेची जागा सोडली, दहा मिनिटांनी पुसून काढलं. सोप बॉक्सला भोकं पाडून स्पंज ठेवलाय आणि मापक मागवलाय. रेघेचं काय होतं ते महिनाभराने इथेच कळवते.